अनुभव धागा: अरुंद वाट, उतारावरची सायकल आणि समोरून येणारं माणूस

वळणवाट:
काल माळ्यावरचं खोकं खाली काढलं, तर जुन्या टायरच्या वेटोळ्यात एक छोटी पितळी घंटी निघाली. अंगठ्याने ओढून पाहिली. आत गंज धरलाय, तरी टिंग झालं. आणि मी शिडीच्या पायरीवरच बसून राहिले.

अकरा वर्षं झाली. पहिली खरीखुरी माउंटन बाइक घेतली होती. हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली; पुढे १०० मिमी दबणारा फोर्क, २९ इंची चाकं. डोंगराच्या अंगाने जाणारी एक पायवाट होती, जेमतेम दोन फूट रुंद. एका हाताला चढ, दुसऱ्या हाताला घसरण. रोजची म्हणून तोंडपाठ. त्यातलं एक वळण दाट झुडपामागून येतं. त्या दिवशी मी वळले आणि समोर काठी टेकत एक आजोबा.

ब्रेक लागले. सायकल त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली, त्यांना स्पर्शही झाला नाही. पण ते दचकून मागे सरकले, पाय कडेवरून सुटला, आणि ते बसल्या बसल्या घसरत खाली गेले. एका मुळाला हात अडकला म्हणून थांबले. वर घेतलं तेव्हा तळव्याची साल निघाली होती, त्यात बारीक खडे रुतलेले. मी बाटलीतलं पाणी ओतत एकेक खडा काढत होते, आणि ते हात पुढे करून शांत बसले होते. मी सारखी म्हणत होते, "आजोबा, मी थांबले हो, मी थांबलेच होते." तर म्हणाले, "पोरी, तू थांबणार हे तुला माहीत होतं. मला कुठे माहीत होतं?"

दुसऱ्या दिवशी ही घंटी आणली. ते वाक्य मात्र अजून गेलेलं नाही. सायकलवाले असा की चालणारे, वाटेवर समोरासमोर आल्याचे तुमचे अनुभव लिहा. सायकलीच्या सामानाचं काही असेल तर तेही चालेल.

दुहेरीगाठ:
वाचताना काटा आला अंगावर. मी चालणारी. वीस वर्षं डोंगरात चालतेय, सायकल कधीच चालवली नाही. मला राग वेगाचा येत नाही, मागून काहीच आवाज न येता कानाजवळून सर्रकन वारा जातो ना, त्याचा येतो. काळीज तोंडात येतं.

पण एक चांगला अनुभवही सांगते. एकदा चढावर मागून आवाज आला, "ताई, मागून येतोय, सावकाश होऊ द्या." मी कडेला झाले. पोरगा थांबून पुढे गेला आणि जाताना म्हणाला, "माझ्यामागे अजून तिघं आहेत." तेवढ्या एका वाक्याने मी तिथेच थांबले. नाहीतर वाटेच्या मधोमध आले असते आणि दुसऱ्याने मला गाठलं असतं. मागे किती जण आहेत ते सांगत जा रे सगळ्यांनी. फार उपयोग होतो.

पायडलपाय:
घंटीचा फोटो टाका ना ताई

चेनलिंक:
ताशी २५ म्हणजे सेकंदाला जवळपास ७ मीटर. डोळ्यांनी माणूस पाहिलं आणि बोट लिव्हरवर दाबलं गेलं, यात एक सेकंद गेला तर ब्रेक लागायच्या आधीच ७ मीटर संपले. झुडपाच्या वळणावर दिसतं किती? पाच मीटर. म्हणजे गणित आधीच हरलेलं. मी मुलांना हेच सांगतो, जेवढं दिसतंय त्याच्या आत थांबता आलं पाहिजे. वेग निम्मा केलात की ब्रेक लागल्यानंतर लागणारं अंतर चौथाई होतं. ब्रेक कितीही भारी घ्या, त्या पहिल्या सेकंदाला ते काही करू शकत नाहीत.

मोबाइलवरून लिहितोय, चुका समजून घ्या.

सावलीतली:
माझ्या बाबांना ऐकू येत नाही. मशीन लावतात, पण वाऱ्यात नुसती घरघर होते म्हणून डोंगरात काढून ठेवतात. त्यांच्यामागे घंटी वाजवून वाजवून एक जण शेवटी चिडून ओरडला, "काका, बहिरे आहात का?" बाबांना तेही ऐकू आलं नाही. मी वीस पावलं मागे होते, मला आलं.

म्हणून सांगते, घंटी वाजवलीत आणि माणूस वळलं नाही, तर ते मुद्दाम करतंय असं धरू नका. थांबा, उतरा, बाजूने समोर या, म्हणजे दिसाल. कानात हेडफोन घातलेल्यांनाही हेच लागू. बाकी आजोबांचं वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, बरोबर बोलले.

वळणवाट:
@सावलीतली, बाबांना नमस्कार सांगा. घंटी घेतली म्हणजे आपलं काम झालं असं मी बरीच वर्षं समजत होते. समोरच्याने मान वळवली, डोळ्याला डोळा भिडला, की मगच कळलं म्हणायचं.

ग्रीसचा डबा:
ब्रेकच्या किंचाळण्याने लोक आपोआप बाजूला होतात असं म्हणणारे बरेच भेटतात. बाबांनो, डिस्क ब्रेक किंचाळतोय म्हणजे बहुतेक वेळा पॅडला तेल लागलंय. चेनवर स्प्रे मारताना तो रोटरवर, म्हणजे पॅड जी चकती धरतात तिच्यावर उडतो. तसा ब्रेक ओरडतोही आणि धरतही नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर बदला. नवे पॅड टाकले की मोकळ्या जागेत वीसेकदा वेग घेऊन हळूहळू दाबत कमी करा, पूर्ण थांबू नका. पॅड बसल्याशिवाय उतारावर जायचंच नाही.

आणि हायड्रॉलिकमध्ये तेल भरताना आधी लिव्हरवर काय छापलंय ते वाचा. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड, म्हणजे दुसऱ्या जातीचं ब्रेकचं तेल गेलं की आतले रबरी सील फुगतात. माझ्याकडे असा एक सेट आला होता, लिव्हर आत गेलेली परत येईना. मालक त्याच दिवशी उतारावर जाणार होता. दोन तास रागावलो त्याच्यावर.

पायडलपाय:
@ग्रीसचा डबा दादा, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये हवा किती ठेवू? वजन ७० किलो, टायर २.४ इंची

ग्रीसचा डबा:
पुढे २०–२१ पीएसआय, मागे २३–२४ पासून सुरू कर. रिम दगडावर आपटल्याचा खण् आवाज आला तर एकेक वाढव. आतलं भोकं बुजवणारं सीलंट दर तीन-चार महिन्यांनी बघ, वाळून त्याच्या गोळ्या होतात.

पायडलपाय:
आणि चाक २७.५ घेऊ की २९?

चेनलिंक:
इथे नको तो वाद, रात्र पुरणार नाही 😀

ग्रीसचा डबा:
थोडक्यात सांगतो. टायर जिथे बसतो तो व्यास २६ला ५५९ मिमी, २७.५ला ५८४ आणि २९ला ६२२. म्हणजे २७.५ हे नावाला मधलं, प्रत्यक्षात २६च्या जवळचं. २९ मुळं-दगडांवरून सहज जातं, २७.५ चटकन वळतं. उंची कमी असेल तर दोन्हीवर बसून बघ, पोटाखाली जागा किती राहते ते पाहा. माझं मत विचारशील तर पैसे आधी ब्रेक आणि टायरवर घाल, मग सस्पेन्शनवर.

उतरंड:
बूट पेडलला अडकवणाऱ्यांनो, ऐका. (त्याला क्लिपलेस म्हणतात, आणि अडकवायचं क्लिपच असतं. असो.) समोरून आईबाप आणि पाठीवर झोळीतलं बाळ. मी शहाण्यासारखा पूर्ण थांबलो. डावा पाय सुटला, पण तोल उजवीकडे गेला आणि उजवा सुटेना. मी सायकलसकट त्या बाईच्या पायाशी आडवा. हँडल तिच्या घोट्याला लागलं. नशीब बाळ वडिलांकडे होतं.

त्या दिवसापासून गर्दीच्या वाटांवर साधे चपटे पेडल, पिनवाले. शिवाय ड्रॉपर पोस्ट, म्हणजे बटणाने खाली-वर होणारा सीटचा दांडा बसवला. लोक म्हणतात तो उड्यांसाठी असतो. मला तो थांबण्यासाठी लागतो. बटण दाबलं, सीट खाली, दोन्ही पाय सपाट जमिनीवर. कोणाच्या अंगावर झुकायचा प्रश्नच येत नाही. आणि थांबताना नेहमी घसरणीकडच्या बाजूला मी उभा राहतो, चालणाऱ्याला आतली बाजू देतो. सायकल पडली तर पडली.

दुहेरीगाठ:
@उतरंड, घोटा बरा झाला ना तिचा?

उतरंड:
हो ताई. सूज आली होती. मीच पट्टी बांधली आणि खालपर्यंत सोबत चालत गेलो. सायकल नवऱ्याने ढकलत आणली. त्याचा राग होता, पण खाली पोचेपर्यंत निवळला.

जुनीपानं:
उतारावरून ब्रेकची आठवण निघाली म्हणून लिहितो. या खेळाची सुरुवातच ब्रेकच्या धुरातून झाली. १९७६ साली कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळच्या उतारावर काही मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकलींवर शर्यत लावायची. मागच्या चाकाच्या हबमधला, म्हणजे मधल्या तुंब्यातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब पुन्हा ग्रीसने भरावा लागायचा. म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरणं', पडलं. त्यातल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये खास याच कामासाठी पहिली फ्रेम बांधायला घेतली. १९९६ला खेळ ऑलिंपिकमध्ये.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्याच कॅलिफोर्नियात सायकली वाढल्या, चालणारे आणि घोडेवाले वैतागले, वाटा सायकलींना बंद होऊ लागल्या. तेव्हा तिथल्या क्लबांनी १९८८ मध्ये एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना काढली, इम्बा. तिच्या नियमांत सायकल ताब्यात ठेवा, इतरांना वाट द्या, जनावरांना घाबरवू नका हे आलं. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८च्या कायद्याने ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांच्या वाटांवर सायकलला मुभा मिळाली, तीही चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट देण्याच्या अटीवर. वाट मिळाली ती अशी, आणि जायचीही तशीच जाते.

टाचणी:
जनावरांवरून. मी घोडा फिरवते. मागून गपचूप आलेली सायकल घोड्याला शिकाऱ्यासारखी वाटते. कृपया लांबूनच थांबा आणि बोला. काहीही बोला, "नमस्कार, छान घोडा आहे" एवढंही पुरे. माणसाचा आवाज आला की त्याचे कान मागे फिरतात, मान उतरते, हे मला लगाम धरलेल्या हातात कळतं. घंटी मात्र त्याच्या कानाशी वाजवू नका. स्वार "या" म्हणाला की चालत्या वेगाने या.

पहाटवारा:
+१ सगळ्यांना. वाचतेय. कपडे वाळत घालून येते मग लिहिते माझं

माळरान:
ओल्या वाटेबद्दल कोणीच कसं बोललं नाही? सायकलीमुळे वाटा उखडतात म्हणतात. मोंटानात विल्सन आणि सेनी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चाकांपेक्षा बूट आणि खुरांनी जास्त माती सुटी झाली होती, आणि भिजवलेल्या वाटेवर हा फरक सर्वांत ठळक होता.

म्हणून आपण मोकळे, असं मात्र नाही हं. मागचं चाक लॉक करून घसरत नेलं की जी चर पडते ती पुढच्या पावसात नाली होते. मी दर महिन्याला वाट दुरुस्त करायला जातो, कुदळ घेऊन. एका वळणावर माझ्या तळव्याएवढी खोल चर होती. आम्ही चौघांनी सकाळभर भरली, वाटेचा उतार थोडा बाहेरच्या बाजूला दिला म्हणजे पाणी वाटेने न धावता कडेने निघून जातं. पुढच्या आठवड्यात बघतो तर तिथेच नवीन घसरण. कोणाची माहीत नाही. मी तिथेच बसून राहिलो थोडा वेळ.

बोट दाबल्यावर ठसा उमटतो इतकी माती ओली असेल तर परत फिरा, एवढंच मागणं.

चेनलिंक:
@माळरान पुढच्या वेळी मला कळवा. कुदळ आहे घरी.

ग्रीसचा डबा:
मीपण येतो.

वाटसरू५०:
मला गुडघा दुखतो पायडल मारताना, पुढच्या बाजूला. विषय वेगळा आहे, पण इथे जाणकार दिसले म्हणून विचारलं.

उतरंड:
@वाटसरू५० काका, पुढच्या बाजूला दुखत असेल तर आधी सीट बघा, बऱ्याचदा ती फार खाली असते. पेडल सगळ्यात खाली असताना टाच पेडलवर टेकवली की पाय सरळ झाला पाहिजे. तरी दुखलं तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

वाटसरू५०:
धन्यवाद. सीट चार बोटं खाली होती.

पहाटवारा:
आले. माझं छोटंसं. मी चालत वर, एक मुलगी सायकलवरून खाली. नियमाने तिने थांबायचं, पण मला दम लागला होता, म्हणून मीच थांबले आणि हाताने "ये" म्हटलं. ती तरीही उतरली आणि म्हणाली, "तुम्ही दम खा, मी थांबते तोवर." पाच मिनिटं आम्ही दोघी त्या वळणावर गप्पा मारत उभ्या. तिचं ८०० मिमीचं हँडल त्या वाटेत मावतच नव्हतं. सायकल उभी करून तिने मागच्या चाकावर धरली, तेव्हा कुठे मी गेले. नाव विचारायचं राहिलं.

दुहेरीगाठ:
किती छान ❤️

सावलीतली:
वळणवाट ताई, ते आजोबा परत भेटले का कधी?

वळणवाट:
भेटले ना. पुढची तीन वर्षं, त्याच वाटेवर. वळणाच्या अलीकडे मी दोनदा घंटी वाजवायची आणि पाय टेकून थांबायची. ते असले की पलीकडून काठी दगडावर दोनदा आपटायचे. मग मी सायकल हातात धरून चालत वळायचे. नसले की नुसतीच शांतता, तरी मी चालतच वळायचे. मग आम्ही गाव सोडलं आणि घंटी खोक्यात गेली.

@पायडलपाय, फोटो उद्या टाकते. आत्ता घासलेटात बुडवून ठेवलीय, गंज सुटतोय. भाचीने परवाच सायकल घेतली आहे, तिच्या हँडलला बसेल का बघायचंय. क्लॅम्प २२.२ मिमीचा आहे आणि तिचं हँडल मधे ३१.८चं.

ग्रीसचा डबा:
मधे नाही बसणार. ग्रिपजवळ २२.२च असतं, ब्रेक लिव्हरच्या आतल्या बाजूला लाव. अंगठा न हलवता पोचला पाहिजे.