काजू लावला म्हणजे जंगल राहिलं असं नाही

कोणीतरी म्हटलंय की डोंगरावरचं जंगल तोडून काजू लावला तरी हिरवळ राहतेच, मग बिघडलं काय. बिघडतं हो! 1990 ला रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हापासून आमच्याकडे ऐन, किंजळ ही रानझाडं जाऊन डोंगरच्या डोंगर काजू-हापूसखाली गेले, पैसा आला हे खरंच, आमचं घरही त्यावरच चालतं. पण काजूखाली वाकून बघा, जाड पानांचा थर आणि खाली कोरडी जांभी माती. तेच देवराईत पाय ठेवला की पाचोळा ओला, बोटभर काळी माती, एप्रिलमध्ये सुद्धा झऱ्याला पाणी. ऐन बुंध्यातून परत फुटतो, पूर्वी राबासाठी, म्हणजे भाताची रोपं लावायची जमीन भाजायला, नुसतं कवळ (पानांच्या डहाळ्या) तोडायचे, झाड ठेवायचे. आता कटर लावून सरसकट सपाट. निदान वहाळाच्या (ओढ्याच्या) दोन्ही बाजूची झाडं तरी सोडा, चार कलमं कमी लागतील एवढंच.