नागपुरात पाहाले काय आहे? बर्डीवाला भाऊंना उत्तर

मुन्शीजी
परवा इथं एका ताईंनी विचारलं होतं, पुण्याहून पाहुणे येऊन राहिले, दोन दिवसांत काय दाखवू? त्याखाली बर्डीवाला भाऊंचं उत्तर: "सावजी खाऊ घाला, संत्र्याची बर्फी बांधून द्या अन् ताडोब्याले पाठवा. बिल्डिंगा पाहाले नागपुरात कोणी येत नसते." हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो.

मी हायकोर्टात एका वकीलसाहेबांकडे मुन्शी आहे, बावीस वर्षं झाली. जिथं मी रोज फायली घेऊन धावतो त्या इमारतीचा नकाशा हेन्री मेड यांचा. नवी दिल्ली उभी राहत होती तेव्हा हा माणूस तिथं होता, तिथलं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन त्याचंच. आपलं कोर्ट १९४० च्या जानेवारीत उघडलं. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असताना आतल्या भिंतीला पाठ टेकवा, शर्टातून गारवा लागतो. गावाकडचे पक्षकार आधी घुमटाकडे मान वर करून पाहतात, मग विचारतात की कोर्टरूम कुठं. त्यांना दिसतं ते आपल्याला का दिसत नाही?

रेल्वे स्टेशन १९२५ चं, सावनेरच्या लाल दगडाचं. आपण ऑटोवाल्याशी भाव करतो आणि निघतो. सी. पी. अँड बेरारची, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, राजधानी होतो आपण. १९५६ मध्ये राजधानी गेली, इमारती तर इथंच आहेत ना! आणि नुसतं जुनंच कशाला? दीक्षाभूमीचा स्तूप आहे. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. असं दुसऱ्या शहरात असतं तर त्यांनी पोस्टर छापले असते. टुरिस्ट येत नाही कारण आपणच त्याला सांगत नाही.

बर्डीवाला
मुन्शीजी, वाक्य माह्यंच आहे अन् मागे घेत नाही. मी टॅक्सी चालवतो. तुम्ही कोर्टात रोज जाता, माह्या पॅसेंजरले तर गेटवरूनच परत लावतात. मागच्या हिवाळ्यात बंगलोरचं कुटुंब होतं, सोबत म्हातारी आजी. किल्ला दाखवा म्हणे. सीताबर्डीचा किल्ला मिलिटरीकडे, उघडते २६ जानेवारी, १ मे अन् १५ ऑगस्टले. अजब बंगल्यावर, म्हणजे म्युझियमले, नेलं तर सोमवार, बंद. मंग झिरो माइलले उतरवलं, लोक भारताचा मध्यबिंदू म्हणतात तिथं. एक खांब, चार घोडे, पाच मिनिटांत झालं. तेवढ्यात आजीले बाथरूमले जायचं होतं. शेवटी एका मॉलमध्ये नेलं. त्या माउलीचा चेहरा मले अजून आठवते. कौतुक तुम्ही करा, बोलणी मी खातो.

भूगोल_मास्तर
पाच मिनिटांत होतं कारण काय पाहायचं हेच कोणी सांगत नाही. तिथला १९०७ चा दगड सर्व्हेचा, म्हणजे देशाच्या मोजणीचा आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची त्यावर कोरली आहे, १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! हे मुलांना दाखवलं की त्यांचे डोळे मोठे होतात, मी दरवर्षी पाहतो. आणि 'भारताचा मध्यबिंदू' म्हणणं आता थांबवा. आजच्या नकाशात मध्य काढायला गेलात तर मध्य प्रदेशात करौंदीकडे जावं लागतं.

बर्डीवाला
मास्तर, पॅसेंजर मध्यबिंदू म्हणूनच येते. तेही काढून घेतलं तर मी काय दाखवू?

इंदोरा_१४
मुन्शीजी, तुमच्या यादीत दीक्षाभूमी उड्डाणपुलाच्या शेजारी बसलेली पाहून वाईट वाटलं. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला उमरेडहून चालत आली होती, पांढरं लुगडं नेसून. ते लुगडं आमच्या घरी पेटीत आहे. स्तूप सुंदर आहे, धौलपूरचा दगड आहे, वास्तुविशारद शिवदान मल यांचं काम आहे, २००१ मध्ये लोकार्पण झालं, हे सगळं खरं. पण 'पर्यटनस्थळ' म्हटलं की मागून काय येतं ते आम्ही पाहिलं. भूमिगत पार्किंगसाठी खड्डा खोदला, स्तूपाला धोका होईल म्हणून लोक ओरडत होते, कोणी ऐकेना. १ जुलै २०२४ ला हजारो माणसं उतरली तेव्हा काम थांबलं. सोय करा, पण आधी तिथं येणाऱ्यांना विचारा.

मुन्शीजी
तुमचं बरोबर आहे. ते वाक्य मी असं लिहायला नको होतं.

वाड्यातली_सून
सगळे सरकारी इमारतींवरच बोलून राहिले. महाल या जुन्या वस्तीत आमच्यासारखे लोक अजून वाड्यात राहतात, त्यांचं कोणी बोलेल का? सागवानाचे खांब, मधे चौक, तुळस, वर कवेलू, म्हणजे कौलं. दर पावसाळ्यात कवेलू फेरायचे, आणि ते काम येणारा माणूस आता मिळत नाही. मागच्या वर्षी माजघराच्या तुळईला बोट लावलं तर बोट आत गेलं. उधई, म्हणजे वाळवी. वरून रंग तसाच, आतून नुसती माती. दुरुस्तीच्या परवानगीसाठी एका कार्यालयात आठ महिने चकरा मारल्या. फोटो आणा, नकाशा आणा, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आणा. सासऱ्यांचे भाऊ तीन, त्यांची मुलं सात, त्यातली दोन अमेरिकेत. दरम्यान पाऊस आला आणि तुळई खाली आली. माझी मुलगी नुकतीच तिथून उठली होती.

जुना_नकाशा
ताई, वाईट झालं, पण नियम नसते तर महालात एकही वाडा उरला नसता. शेजारच्यांनी बिल्डरला दिले ते परवानगीला कंटाळून नाही, पैशासाठी. नियमांत हेरिटेज टीडीआरची सोय आहे, म्हणजे वाडा जपला तर तिथला न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता येतो, पण मालक मागायलाच जात नाहीत.

वाड्यातली_सून
दादा, तुम्ही कोणत्या मजल्यावर राहता? लिफ्ट आहे ना? माझ्या सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत, रात्री चौक ओलांडून बाथरूमला जातात. पावसात मी छत्री धरते. पैशासाठी विकणाऱ्यांना नावं ठेवू नका, त्यांच्याही घरात म्हाताऱ्या होत्या. टीडीआर म्हणता, तिथंही आधी त्याच दहा सह्या लागतात.

जुना_नकाशा
चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे. आमचाही वाडा होता, वडिलांनी १९९६ मध्ये पाडला. दिंडी दरवाजाची कडी तेवढी मी ठेवली आहे. म्हणूनच कडक बोलतो. नियम हवेतच, त्यावर माझं मत बदलणार नाही. पण आठ महिने लावणं चूक आहे, हे मान्य.

भूगोल_मास्तर
हिस्सेदारांच्या सह्यांचा प्रश्न फक्त वाड्यांचा नाही हो, आमच्या शेतीचंही...

बर्डीवाला
मास्तर, शेती नको आता. ताई, एक विचारू का? तुमच्या चौकात बाहेरची माणसं आली तर चालेल का? म्हणजे तिकीट लावून, पैसे तुम्हालेच. मी चाळीस वर्षांचा झालो, जन्म बर्डीवर, अन् वाडा आतून एकदाही पाहिला नाही. मलेच पाहायचा आहे खरं तर.

वाड्यातली_सून
तिकीट वगैरे काही नको. सासूबाईंना विचारते. आलात तर चौक आणि ओसरी दाखवीन, वरची माडी नाही, तिथला तक्ता हलतो. चारनंतर या, आधी त्या झोपलेल्या असतात.

मुन्शीजी
भाऊ, १५ ऑगस्टले किल्ल्यावर मी येतो तुमच्या गाडीत. बावीस वर्षांत मीही एकदाच गेलो आहे. आणि बाथरूमचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, माझ्या पोस्टमध्ये ते कुठंच नव्हतं.

इंदोरा_१४
सकाळी लवकर निघा. ऊन नसलं तरी दमट असतं, आणि वर पाणी मिळेल याचा भरवसा धरू नका.