लॅपटॉपचं हिंज वॉरंटीत तुटलं, सर्व्हिस सेंटर म्हणतं ‘फिजिकल डॅमेज’. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तातडीने सल्ला हवा आहे. गेल्या वर्षी घेतलेल्या लॅपटॉपचं उजवीकडचं हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, गेलंय. वॉरंटी दोन वर्षांची, अजून बरेच महिने शिल्लक आहेत. तरी सर्व्हिस सेंटरने ‘फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही’ म्हणून साडेअकरा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं.

झाकण उघडायला आधीपासूनच जड जात होतं. एका हाताने उघडायला गेलं की खालचा भागही सोबत उचलला जायचा. मग उजव्या कोपऱ्यात स्क्रीनभोवतीची पट्टी सुटली, नख जाईल एवढी फट पडली. परवा उघडताना ‘कट्’ आवाज झाला आणि कव्हर मागून फाकलं. लॅपटॉप कधी पडलेला नाही, टेबलावरून हलतोही क्वचित.

फटीत टॉर्च मारून फोटो काढलेत. हिंजचा धातू धड आहे, स्क्रूही धड. पण स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात ते नट प्लास्टिकसकट उपटून आलेत आणि स्क्रूंना तसेच अडकून आहेत. बाहेर चारही कोपऱ्यांवर ओरखडा नाही. पडून तुटलं असतं तर माराची खूण कुठेतरी दिसली असती ना? काउंटरवर हेच विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, प्लास्टिक तुटलं की सीआयडीच टाकावं लागतं.’ म्हणजे कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, ग्राहकाने केलेलं नुकसान. मशीन उघडूनही न बघता! पैसे जातील ते जातील, पण मी न केलेलं नुकसान माझ्या नावावर का लिहायचं?

मी कर सल्लागाराकडे काम करते, वीस तारखेच्या आत क्लायंटचे जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचे रिटर्न, भरायचेत. सध्या झाकण अर्धवट उघडं ठेवून, एचडीएमआयने टीव्हीला जोडून काम रेटतेय. इथे इचलकरंजीत ओळखीचा दुरुस्तीवाला अ‍ॅरल्डाइट लावून आठशेत बसवून देतो म्हणतोय. ते करून घेतलं तर वॉरंटीवरचा हक्क जातो का? सर्व्हिस सेंटरवाले जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) सही मागतायत, करावी का? आणि दोष मुळातलाच आहे हे सिद्ध कसं करायचं? कंपनीचं ऑफिस बंगळुरूला, तिथे खेटे कोण घालणार?

प्रतिसाद:

ताई, अ‍ॅरल्डाइट अजिबात लावू नका. ते उपटलेले नट हाच तुमचा पुरावा आहे, एकदा चिकटवले की संपलं. मी लॅपटॉप दुरुस्तीच करतो, अशी मशीन टेबलावर नेहमी येतात. हिंज घट्ट असलं की उघडताना सगळा जोर नट धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकवर येतो आणि ते फुटतं. झाकण आता हलवूच नका. स्क्रीनची केबल तिथूनच जाते, ती चिरडली तर खर्च वाढेल.

जॉबशीटवर सही करायचीच तर ‘फिजिकल डॅमेज मान्य नाही, बाह्य मार नाही’ असं हाताने लिहून करा आणि प्रत घ्या. कंपनीला फोटोंसह ईमेल टाका, नकाराचं कारण लेखी मागा. दाद लागली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार क्रमांक मिळतो. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. बंगळुरूला जायची गरज नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून मशीन आहे तसं ठेवा. सेंटरला जमा करण्याआधी डेटाचा बॅकअप मात्र घ्या, क्लायंटची कागदपत्रं असतील त्यात.

धागाकर्ती:

खूप आभार दादा. ईमेल आज रात्रीच पाठवते, रिटर्न भरून झाले की मशीन जमा करेन. कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात वकिलाशिवाय कुणी तक्रार चालवली असेल तर तारखांना स्वतः किती वेळा जावं लागलं, तेवढं कृपया सांगा. रजेचं त्यावरच ठरवावं लागेल.