जुनी वायर राहू द्या
घरातली जुनी वायरवाली कॅमेरे-अलार्म यंत्रणा बदलायची कशी, या तुमच्या प्रश्नावर सगळं उपटून वायफाय कॅमेरे लावा असा वर कुणी सल्ला दिलाय, तो काही पटला नाही. भिंतीतली कोॲक्स केबल (जुन्या कॅमेऱ्यांची, टीव्हीच्या केबलसारखी वायर) धड असेल तर त्याच वायरवर नवा एचडी डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणि कॅमेरे चालतात. (लावणारे हे आपणहून सांगत नाहीत, वायर ओढायचे पैसे बुडतात ना!) दाराचे चुंबकी सेन्सर म्हणजे साधे स्विच, अलार्मच्या नव्या वायर्ड पॅनेललाही (सेन्सर जोडायचा मुख्य डबा) बहुतेक जोडता येतात. बदलायचा तो डायलर, म्हणजे अलार्म वाजला की फोन लावणारा भाग. २जीवाला असेल तर त्यात जिओचं सिम चालणारच नाही. पॅनेलची, वीज गेल्यावर चालणारी १२ व्होल्टची बॅटरी फुगली असेल तर आधी ती काढा.

आणि सांगलीत नदीकाठच्या गावभागात राहताय म्हणता, तर डीव्हीआर जिन्याखाली अजिबात नको. २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पॅनेल, बॅटरी, सगळं वरच्या मजल्यावर घ्या.