मदत हवी आहे : रविवारची मिस्सा आणि मुलाचे फुटबॉलचे सामने

आम्ही वसईतील कॅथलिक कुटुंब आहोत. आमच्या बारा वर्षांच्या मुलाची यंदा फुटबॉल संघात निवड झाली असून, त्याचे बहुतेक सामने रविवारी सकाळी, ऐन मिस्साच्या (चर्चमधील सामूहिक उपासनेच्या) वेळी असतात. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या नियमसंहितेनुसार, शनिवारी संध्याकाळी मिस्साला उपस्थित राहिल्यानेही रविवारच्या मिस्साचे कर्तव्य पूर्ण होते, त्यामुळे अडचण नियमाची नाही, घराच्या एकत्र रविवारची आहे. रविवारी आजीचा हात धरून देवळाच्या पायऱ्या चढणे हे त्याचे काम असते आणि मिस्सानंतर सगळे एकत्र न्याहारी करतात. प्रभूचा दिवस हा असा साऱ्या घराने मिळून पाळायचा असतो, असे मला मनापासून वाटते.

दुसरीकडे, खेळाला श्रद्धेचा शत्रू मानणेही मला पटत नाही. ग्लासगोच्या सेल्टिक या फुटबॉल क्लबची स्थापना १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या मॅरिस्ट (एका कॅथलिक संघाच्या) धर्मबंधूंनी गरीब मुलांच्या जेवणासाठी निधी उभा राहावा म्हणून केली होती. शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) माणसासाठी आहे, ही येशूची शिकवण मुलगाही मला ऐकवतो, आणि त्याचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही.

ज्या पालकांनी हा पेच सोडवला आहे, त्यांनी रविवार कसा आखला? शनिवारची मिस्सा ही निव्वळ सोय ठरू नये, म्हणून मुलाला काय समजावून सांगितले? फादर, सिस्टर किंवा धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्यांनीही कृपया मार्गदर्शन करावे.