विषय: 'दोरीने बांधणे'ला समानार्थी शब्द हवेत

नमस्कार मंडळी,
शनिवारच्या मराठी शाळेत मुलांना समानार्थी शब्द शिकवायचे आहेत. 'बांधणे'साठी माझ्याकडे आवळणे आणि जखडणे एवढेच आहेत. आणखी सुचवा.

---

ताई, कसणे, जुंपणे, डांबणे, गुंडाळणे घ्या. बास की!

---

ताई, मी सध्या सोलापुरात, घरी आलोय. काकांच्या यादीतलं 'डांबणे' आधी काढा. माणसाला खोलीत डांबतात, त्याला दोरी कशाला? 'गुंडाळणे'ही काढा. सुतळी काडीला गुंडाळली तर ती बांधली असं कोण म्हणेल?

उरलेलेही एकाच रांगेत बसवू नका. एकच बैल घ्या. सकाळी त्याला गाडीला जुंपतात, म्हणजे मानेवर जू ठेवून मानेखालून पट्टा अडकवतात. संध्याकाळी त्यालाच गोठ्यात दाव्याने बांधतात. दावणीला बैल 'जुंपला' म्हणालात तर आमच्याकडची पोरंही हसतील. दाव्याला सुरगाठ हवी. जनावर बिथरलं तर शेपूट ओढताच गाठ सुटली पाहिजे. तिथे निरगाठ मारली की मग विळा शोधत बसा.

ज्वारीच्या कडब्याची पेंढी मात्र आवळतात. काल शेतात पाहिलं: गडी पेंढीवर गुडघा रोवतो, दोन्ही टोकं ओढतो, पीळ देतो आणि टोक आत खुपसतो. ताटं करकरतात तेव्हा कुठे ती घट्ट होते. सैल पेंढी ट्रॅक्टरवर टाकताना हातातच विस्कटते. कांद्याची गोणी पाहायला मार्केट यार्डात जा. तिचं तोंड दाभणात सुतळी ओवून शिवतात, बांधत नाहीत.

'जखडणे'त जोर-जबरदस्ती आहे, म्हणून लग्नात बाशिंग बांधतात. (जखडायचं काम पुढे आपोआप होतं, ते सोडा.) 'आवळणे' तर चंबूगबाळ्यालाही चालतं आणि चोराच्या मुसक्यांनाही. कंबर कसतात, पुढारी आघाडीची मोट बांधतात. एकाच्या जागी दुसरा शब्द टाकून बघा, लगेच खटकेल.

तेव्हा मुलांना यादी पाठ करायला लावण्यापेक्षा दोरी हातात द्या. सुरगाठ, निरगाठ मारू द्या, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आवळू द्या. क्रियापदं आपोआप तोंडात येतील.

---

दादा, पटलं. यादी रद्द. पण इथल्या दुकानांत नायलॉनचीच दोरी मिळते, तिच्यावर गाठ टिकत नाही. येताना सुतळीचे चार-पाच गुंडे आणाल का? आणि काका, जुनी वर्तमानपत्रं तुमच्याकडे. शनिवारी दहाच्या आत, प्लीज.