मदत हवी आहे: 'लीच' म्हणजे आधी वैद्य की आधी जळू?

नमस्कार मंडळी,

आज इंग्रजीत 'लीच' म्हटलं की जळू, नाहीतर दुसऱ्याच्या जिवावर जगणारा माणूस. पण हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात हा शब्द चक्क वैद्यासाठी होता, तोही मानाने. दहाव्या शतकातलं 'बाल्ड्स लीचबुक' म्हणजे वैद्यकाचं हस्तलिखित. त्यात डोळ्यावरच्या रांजणवाडीला लसूण, वाइन आणि बैलाचं पित्त पितळेच्या भांड्यात नऊ रात्री ठेवून औषध करायला सांगितलंय. 2015 साली नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी ते तसंच बनवलं आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू त्याने मेले! अनामिकेलाही तेव्हा 'वैद्याचं बोट' अशा अर्थाचा शब्द होता. पुढे 'डॉक्टर', 'फिजिशियन' आले आणि लीचकडे फक्त जळू उरली.

माझं अडलंय ते इथे: जळू लावणारा म्हणून वैद्य लीच झाला, की हे मुळात दोन वेगळे शब्द होते आणि उच्चार जवळ आल्याने एकमेकांत मिसळले? मला दुसरं पटतं. स्वीडिशमध्ये डॉक्टरला आजही 'लेकारे' म्हणतात, जळूला मात्र 'ईगेल'.

स्वीडन, डेन्मार्क, हॉलंडमध्ये राहणारे किंवा भाषाशास्त्र शिकलेले कुणी आहात का? तिकडच्या जुन्या बोलींत जळूला 'लीच'सारखा शब्द सापडतो का? एखादा चांगला व्युत्पत्तिकोश सुचवलात तरी फार मदत होईल.